खोडलेल्या शंका

आमच्या गावात माझ्या नाकाची कीर्ती होती. दिसायला ते बटाट्यासारखं आहे, पण त्याला दुखण्याचा वास लागतो असं लोक म्हणायचे. तेहतीस वर्षं मी सिब्रन डॉक्टरांच्या दवाखान्यात फोनवर बसते आहे. कोणाला आज बोलवायचं, कोणाला उद्या, कोणाकडे डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता पिटाळायचं, हे आधी मी ठरवते. आमच्या उत्तरेकडच्या डच मुलखात, फ्रीसलँडमध्ये, हे काम सोपं नाही, कारण आमची माणसं दुखणं सांगत नाहीत. पाय मोडला तरी म्हणतील, "याहून वाईट असतं." लग्नाचं जेवण फार आवडलं तरी तेच म्हणतील. त्यातून ओळखायचं.

आणि मला ओळखता यायचं, हे खोटं नाही. सुरुवातीला तरी खोटं नव्हतं. माझ्या काही खुणा होत्या. सगळ्यात मोठी खूण दूध काढायच्या वेळेची. पहाटे पाच ते सात आणि संध्याकाळी पाच ते सात गोठ्यातून कोणी हलत नाही. त्या वेळी शेतकऱ्याच्या घरून फोन आला, तर तो कितीही गोड आवाजात बोलू दे, सिब्रनला गाडीची किल्ली द्यायची. या एका खुणेवर आम्ही निदान सहा माणसं वाचवली असतील.

सिब्रनचा अशा गोष्टींवर भारी विश्वास. आमच्याकडे डॉक्टर लोक मनात पाल चुकचुकली तर ती हसण्यावारी नेत नाहीत. तपासणी ठीक, आकडे ठीक, तरी आतून काहीतरी ठीक वाटत नसेल तर ते सांगायचं, असं शिकाऊ डॉक्टरांना रीतसर शिकवतात. सिब्रनने त्याच्यापुढे एक पाऊल टाकलं. त्याने एक वही घातली. निळ्या पुठ्ठ्याची, जाड. डाव्या पानावर तारीख, पेशंटचं नाव आणि शंका एका ओळीत लिहायची. कारण सुचलं नाही तरी चालेल. सहा आठवड्यांनी उजव्या पानावर त्याचं काय झालं ते लिहायचं. दर शुक्रवारी दहाच्या कॉफीला वही मोठ्याने वाचायची.

"आतला आवाज काही देवाची देणगी नाही," तो प्रत्येक नव्या शिकाऊ डॉक्टरला सांगायचा. "कुत्र्यासारखा आहे तो. शिकवला तर शिकतो. पण त्याला त्याच्या चुका दाखवाव्या लागतात. माणूस खऱ्या ठरलेल्या शंका लक्षात ठेवतो आणि खोट्या ठरलेल्या विसरतो, म्हणून ही वही."

मी त्या वहीत पेन्सिलीने लिहायचे. पेन गळतं, हात बरबटतात, असं सांगायचे.

अकरा वर्षांपूर्वी यांत्शे नावाच्या बाईच्या पोटात गाठ निघाली. ती आली होती कानातला मळ काढायला, आणि ती जाताना मला खरंच काहीतरी खटकलं होतं. पण त्या दिवशी फोन थांबत नव्हते, लिहायचं राहून गेलं. महिन्याने निदान झालं तेव्हा मी त्या तारखेच्या पानावर खाली एक ओळ रिकामी होती, तिथे लिहून टाकलं. मला वाटलेलंच तर लिहिते आहे, त्यात काय? शुक्रवारी सिब्रनने ते वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की माझे कान लाल झाले. "वीट्स्के, तुझं नाक हे नाक नाही!" तो म्हणाला.

तिथेच मी शेफारले. पुढच्या वेळी वाटलं होतं की नव्हतं याची मला नीट आठवण नव्हती, तरी लिहिलं. त्याच्या पुढच्या वेळी वाटलं नव्हतंच. मग प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ मोकळी सोडायची सवय लागली. आणि ज्या शंकांचं सहा आठवड्यांत काहीच झालं नाही, त्या गुरुवारी दुपारी कुलूप लावायच्या आधी मी खोडरबराने खोडायचे. सगळ्या नाही; दोन-तीन महिन्यांतून एकदा एखादी चूक ठेवायचे, नाहीतर कोणाला खरं वाटलं नसतं. इतकी हुशारी मला होती. मला नोकरीत तीस वर्षं झाली तेव्हा बेकरीतून गुलाबी साखरेचा केक आला होता आणि त्यावर क्रीमने नाक काढलं होतं. सिब्रन भाषणात म्हणाला, दहातून नऊ. मी हसत हसत केक कापला.

मेरेल आमच्याकडे सप्टेंबरात आली, वर्षभरासाठी. सत्तावीस वर्षांची, दक्षिणेची, मास्ट्रिक्टची. बोलायला लागली की घशातून काढायचे आवाज मऊ करून बोलायची, म्हातारे शेतकरी मुद्दाम तिला परत परत विचारायचे. पहिल्या दिवशी मला "तुम्ही, तुम्ही" करत होती.

"अगं, तुम्ही काय? मी काय राणी आहे?" मी म्हटलं.

"पण डॉक्टर म्हणाले, इथलं सगळं तुमच्याकडून शिकायचं."

"मग शिक, पण 'तू' म्हणून शिक. पेशंटसमोर सिब्रनला तुम्ही म्हणायचं. कॉफीच्या खोलीत तोही तूच."

पोरगी चांगली होती. रोज एक तास दुसरा हेडफोन लावून माझ्या शेजारी बसायची आणि फोन ऐकायची. वहीत शाईच्या पेनने लिहायची. पहिल्या महिन्यात तिच्या पाच शंका होत्या आणि त्यातल्या चार खोट्या ठरल्या. शुक्रवारी त्या वाचून दाखवताना तिची मान खाली जायची, आणि मी तिच्या खांद्यावर थोपटून म्हणायचे, "होईल गं, नाक यायला वेळ लागतो."

नोव्हेंबरातला तो बुधवार. अकरा वाजून दहा मिनिटांनी गाट्स्केचा फोन आला. गाट्स्के आणि तिचा नवरा आबे, बांधाच्या पलीकडचं शेत, साठ गाई. मी दोघांना चाळीस वर्षं ओळखते. आबे दवाखान्यात आला की दारातूनच ओरडायचा, "वीट्स्के, गुरांचा डॉक्टर महाग झाला म्हणून इथे आलोय!" तेहतीस वर्षं तोच विनोद, आणि तेहतीस वर्षं मी त्याला "चौथ्या खोलीत जा, गवत ठेवलंय" असं सांगायचे.

"हाइटला जरा बरं नाही," गाट्स्के म्हणाली. ती नवऱ्याला मुलांसारखीच हाइट म्हणायची, म्हणजे बाबा. "मळमळतंय म्हणतो. दमलाय. खाल्लेलं बाधलं असेल. घाई नाही हं काही."

"उलटी झाली का?"

"नाही. कॉफी नको म्हणाला. पण घाई नाही."

"ताप?"

"ताप नाही. डॉक्टर कामात असतील. खरंच घाई काही नाही."

माझ्यासमोरच्या पडद्यावर विचारायचे अकरा प्रश्न असतात. त्यात छातीचा आहे, हाताचा आहे, घामाचा आहे. मी दोन विचारले. गाट्स्केला कसले प्रश्न विचारायचे? उद्या सकाळी नऊ वीसची वेळ दिली आणि फोन ठेवला.

मेरेलने हेडफोन काढला नव्हता. "वीट्स्के, मी जाऊन येऊ का?"

"कुठे?"

"त्यांच्याकडे. सायकलने दहा मिनिटं लागतील. मला काहीतरी बरोबर वाटत नाहीये. घाई नाही, हे ती तीनदा म्हणाली. खरंच घाई नसेल तर कोण तीनदा सांगतं?"

"इकडे सगळे तीनदाच सांगतात," मी म्हटलं. हे खोटं होतं. इकडे लोक एकदाच सांगतात, तेसुद्धा मेहरबानी केल्यासारखं. पण त्या क्षणी मला ते खरं वाटलं, कारण मला ते खरं हवं होतं. "हे बघ, शेतकऱ्याकडे खरं संकट असलं की फोन दूध काढायच्या वेळी येतो. सव्वाअकराला बाई निवांत फोन करते, म्हणजे कॉफी झाली, भांडी झाली, आता उरलेलं काम उरकते आहे. ही खूण तुला कुठल्या पुस्तकात मिळायची नाही."

"मग वहीत लिहू?"

"लिही ना. पण शुक्रवारी वाचायचं तुलाच आहे. चार चुकांच्या पाच होतील." आणि मी हसले. तीही हसली, आणि तिने पेनचं टोपण परत लावलं.

चार वाजता बांधावरच्या रस्त्याने रुग्णवाहिका गेली. आमच्या खिडकीतून दिसते. कोणाच्या आवारात वळते हे पाहायला मी उठले, आणि उठल्या उठल्याच मला कळलं.

हृदयाचा झटका होता. पहाटेपासून चालू असलेला. आबे वाचला, पण अकरा तास गेले होते. इस्पितळातून फोन आला तेव्हा सिब्रनने ऐकून घेतलं आणि म्हणाला, हृदयाचा निम्मा भाग गेल्यात जमा आहे, त्याची शेती संपली. मेरेल भिंतीला टेकून उभी होती, पांढरी पडलेली. सिब्रन इस्पितळात गेला, तिलाही घेऊन गेला.

मी एकटी राहिले. साडेपाच झाले होते. फोन बंद केले, पडदे ओढले, आणि मग मी वही काढली.

हे कोणाला सांगावं लागलं नाही तर बरं, असं मला अजून वाटतं. पण त्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. माणूस मरता मरता वाचला होता, मी दोन प्रश्न विचारून त्याला उद्यावर ढकललं होतं, आणि माझा हात मंगळवारच्या पानाकडे गेला. मंगळवारी गाट्स्के आबेच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आली होती. पानाच्या तळाशी माझी मोकळी ओळ होतीच. मी लिहिलं: "आबे. गाट्स्के गोळ्या न्यायला आली. काहीतरी ठीक नाही. वी." लिहून झाल्यावर मी पेन्सिलीचं टोकसुद्धा नीट केलं. घाबरून केलं असं म्हणायची सोय नाही. अकरा वर्षांच्या सवयीने केलं, जसं घरी जाताना दिवा मालवतात.

शुक्रवारी सिब्रनने वही उघडली. मेरेल त्याच्या समोर, मी मेरेलच्या शेजारी. कॉफी कोणीच घेत नव्हतं. झाल्या प्रकाराचा रीतसर अहवाल त्याने आदल्या दिवशीच भरला होता. त्यात त्याने लिहिलं होतं की जबाबदारी दवाखान्याची, म्हणजे त्याची. तो पानं उलटत मंगळवारवर आला आणि थांबला.

"वीट्स्के," तो म्हणाला. "तुला मंगळवारीच वाटलं होतं?"

मी पानाकडे पाहिलं. मान हलली असावी.

"मग बुधवारी पुढे का ढकललंस?"

"मला वाटलं... म्हटलं, आपणच उगाच घाबरतोय."

"आणि मेरेल, तू फोन ऐकत होतीस. तुला काही वाटलं?"

"हो," ती म्हणाली. "मला वाटलं होतं. मी म्हटलं होतं जाऊन येऊ का. पण वीट्स्के म्हणाली... म्हणजे तिचं नाक... मी गप्प बसले." मग ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत रागाचा कणही नव्हता. "तुलाही वाटत होतं, मलाही वाटत होतं. मी जरा जोर लावला असता तर तुला आधार मिळाला असता. मी हसून सोडून दिलं. माझीच चूक आहे."

सिब्रन मनाने मऊ माणूस आहे, पण शिकवण्याच्या बाबतीत कडक. "बरोबर आहे तुझं," तो तिला म्हणाला. "शंका मनात ठेवायची नसते. समोर कितीही मोठं माणूस असलं तरी. वहीतसुद्धा लिहिलं नाहीस. वीट्स्केने निदान लिहून तरी ठेवलं होतं."

वीट्स्केने निदान लिहून तरी ठेवलं होतं. मी तिथे बसले होते, हात मांडीवर, आणि मी ते वाक्य त्या पोरीच्या डोक्यावर पडू दिलं. थोड्या वेळाने ती बाथरूममध्ये गेली आणि नळ बराच वेळ चालू होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मेल्याहून मेल्यासारखं झालेलं माणूसही तोंड उघडू शकतं. मी उघडलं नाही.

शनिवारी मी गाट्स्केकडे गेले. साखरेचा पाव घेऊन. रिकाम्या हाताने जायची लाज वाटली, आणि पाव हातात घेतल्यावर त्याचीही वाटली. तिने मला आत घेतलं, कॉफी ओतली, बिस्किटांचा डबा उघडला, एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला. सगळं नेहमीसारखं.

"माफ कर मला, वीट्स्के," ती म्हणाली.

मी कप खाली ठेवला. "तू कशाची माफी मागतेस?"

"मी नीट सांगितलं नाही ना. हाइट पहाटे पाचलाच गोठ्यात खाली बसला. भिंतीला टेकून. मी म्हटलं फोन करते, तर म्हणाला, आठ वाजेपर्यंत थांब, डॉक्टरांना झोपू दे. आठला तुमच्याकडे फोनची गर्दी असते. दहाला तुमची कॉफी. म्हटलं, अकरापर्यंत थांबू, म्हणजे तुला त्रास नको."

"पाच वाजता," मी म्हटलं. "दूध काढायच्या वेळी."

"कसली वेळ गं आता? तीन वर्षं झाली ते यंत्र येऊन. गाई आपापल्या जातात, यंत्र दूध काढतं, हाइट नुसता पडद्यावर बघतो. पूर्वी तो बसला असता तर गाई ओरडल्या असत्या, सगळ्या गावाला कळलं असतं." तिने बोटाने टेबलावरचा बिस्किटाचा चुरा गोळा केला. "तुला तर सगळं आधीच कळतं म्हणतात. म्हटलं, वीट्स्के आहे फोनवर, ती ओळखेल. मी घाई नाही म्हटलं तरी ती ओळखेल."

त्या यंत्राच्या उद्घाटनाला मी स्वतः गेले होते. केक खाल्ला होता. गावातल्या चौदा गोठ्यांपैकी अकरांत आता ती यंत्रं आहेत, आणि माझी सगळ्यात मोठी खूण तीन वर्षांपूर्वी मेली होती. वहीत चुका राहू दिल्या असत्या, तर ते मला दिसलं असतं. सिब्रनला तरी दिसलंच असतं. वही त्याचसाठी होती.

मी गाट्स्केला काही सांगितलं नाही. सायकलवर बसले आणि बांधावरून घरी आले.

सोमवारी मेरेल लवकर आली. मी फोन सुरू करायच्या आधी तिने मला कॉफीच्या खोलीत बोलावलं.

"तुला आधी सांगते. मी शिकवणाऱ्या मंडळींना पत्र लिहिलंय. हे शिक्षण सोडते आहे. प्रयोगशाळेत जागा आहे, तिकडे जाईन."

"एका चुकीवरून?"

"चुकीवरून नाही. मला आतून कळलं होतं, वीट्स्के, आणि मी त्यावर विश्वास ठेवला नाही. आधीच्या चार वेळा विश्वास ठेवला तर खोटं निघालं. म्हणजे माझा आतला आवाज जेव्हा खरा असतो तेव्हा मला तो ओळखताच येत नाही. तुझं दहातून नऊ. माझं पाचातून एक. काचेखालच्या पेशी निदान घाई नाही असं तीनदा म्हणत नाहीत."

"पत्र पाठवलंस?"

"जेवणाच्या सुट्टीत पाठवते. आधी सिब्रनशी बोलेन."

मी दार लावलं. "ती मंगळवारची ओळ मी बुधवारी संध्याकाळी लिहिली," मी म्हटलं. "आबेला नेल्यानंतर. मला मंगळवारी काहीही वाटलं नव्हतं. बुधवारीही नव्हतं. वाटलं ते फक्त तुला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने चक्क माझा हात धरला. "मला बरं वाटावं म्हणून सांगते आहेस. नको सांगूस असं. तू फार चांगली आहेस."

नाव कमावलेलं कसं चिकटतं बघा. खरं बोलले तर तोही माझा चांगुलपणा ठरला. दुसऱ्या कोणी तिथेच सुटका मानली असती. सांगायचं काम केलं, तिने ऐकलं नाही, मी काय करू? हा विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला बोलू.

पण मग मी कपाटातून वही आणली आणि पेन्सिल घेतली. पेन्सिल आडवी धरली आणि एका जुन्या पानावर, मोकळ्या दिसणाऱ्या ओळीवर, हलक्या हाताने शिसं फिरवलं. मी लिहिताना जोर देऊन लिहिते. खोडरबराने शिसं जातं, कागदाला पडलेली खाच जात नाही. करड्या डागातून पांढरी अक्षरं वर आली: "बोटेचा मुलगा. फार गप्प. मेंदू?" बोटेचा मुलगा आता नौदलात आहे, ठणठणीत.

मेरेलने हात सोडला.

मी पुढचं पान घेतलं. "म्हातारी सिट्स्के. रंग बरा नाही." ती गेल्या महिन्यात ब्याण्णव वर्षांची झाली. पुढचं पान. पुढचं. मी घासत होते आणि माणसं वर येत होती. ज्यांच्यासाठी मी घाबरले होते आणि ज्यांना काहीही झालं नव्हतं. पंधरा, वीस, तीस. फोन वाजायला लागला, कोणी उचलला नाही. सिब्रन दारात आला. "काय चाललंय? फोन...," म्हणाला आणि थांबला. त्याने टेबलावरची पानं पाहिली. करडी झालेली, त्यावर माझं अक्षर. त्याला समजावावं लागलं नाही. वही त्याचीच होती.

"किती?" त्याने विचारलं.

"अकरा वर्षांच्या. आणि खऱ्या ठरलेल्यांतल्या निम्म्या मी नंतर लिहिल्यात."

तो बसला. "अकरा वर्षं मी हे पोरांना शिकवतोय," तो हळू म्हणाला. "तुझं उदाहरण देऊन." मला वाटत होतं त्याने ओरडावं. त्याने मेरेलकडे पाहिलं, आणि शुक्रवारी तो तिला काय बोलला होता ते त्याला आठवलं, कारण त्याचा चेहरा लाल झाला. "मेरेल, मी तुला—"

"थांब," मेरेल म्हणाली. ती वहीवर वाकली होती. मी घासायचं थांबवलं तसं तिने पेन्सिल माझ्या हातातून घेतली होती आणि ती या वर्षाची पानं घासत होती. "हे काय आहे?"

एप्रिल, नऊ तारीख. तिने वाचायचा प्रयत्न केला, पण ते तिला कळण्यासारखं नव्हतं. तिने वही माझ्याकडे वळवली.

"आबे," मी वाचलं. "आज गुरांच्या डॉक्टरचा विनोद केला नाही."

मला ते आठवतच नव्हतं. वाचल्यावर आठवलं, आणि मी तिला त्या विनोदाचं सांगितलं. एप्रिलमध्ये तो आला, दारात थांबला, श्वास घेतला आणि नुसतं "नमस्कार" म्हणाला. मी "चौथ्या खोलीत" म्हणायला तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. मला ते खटकलं होतं. खरोखर खटकलं होतं. एक खरी शंका आली होती, आणि मी ती लिहिली होती. सहा आठवडे काही झालं नाही, म्हणून गुरुवारी दुपारी मी ती खोडून टाकली, माझे दहातून नऊ राखायला. ती तिथे असती आणि गेल्या बुधवारी आम्ही वहीची मागची पानं चाळली असती, तर मेरेलला आबेचं नाव दिसलं असतं. मलाही दिसलं असतं.

"म्हणजे तुला कळलं होतं," मेरेल म्हणाली. यावेळी तिच्या आवाजात चांगुलपणा नव्हता. तो नसल्याचं मला बरं वाटलं.

"हो," मी म्हटलं. "कळलं होतं."

बाहेर फोन वाजून बंद झाला, परत वाजला.

"मला काढून टाक," मी सिब्रनला म्हटलं.

"ते नंतर ठरवू," तो म्हणाला. "गाट्स्केला कोण सांगणार?"

मी त्याच दिवशी गेले. पाव नेला नाही. आबे इस्पितळातून आला नव्हता, त्याची खुर्ची खिडकीशी ओढून ठेवली होती, उशी घालून. मी सगळं सांगितलं, एप्रिलचंही. गाट्स्केने मध्ये एकदाही तोडलं नाही. कॉफी केली नाही. शेवटी ती उठली आणि माझा कोट आणून दिला.

सिब्रनने मला काढलं नाही. लोक त्याला त्याचा मोठेपणा म्हणतात. मला ठाऊक आहे, फोनवर बसायला माणूस मिळत नाही. मी आता अकराच्या अकरा प्रश्न विचारते, सख्ख्या बहिणीलासुद्धा. नवी वही आणली आहे, आणि टेबलावर पेन्सिल नाही. शुक्रवारी मी माझ्या चुका मोठ्याने वाचते. दहातून तीन बरोबर येतात. मेरेलने पत्र पाठवलं नाही. तिचे आता पाचातून दोन झाले आहेत.

गाट्स्केचा फोन महिन्यातून दोनदा येतो, आबेच्या गोळ्यांसाठी. पूर्वी ती हवापाण्याचं बोलायची, गाईंचं बोलायची. आता माझा आवाज ऐकला की क्षणभर थांबते आणि विचारते, "मेरेल आहे का?"

"आहे," मी म्हणते. "देते हं."